जीवाला घोर लागलाय

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिबिरात एकवीस बायकांनी नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हटलं, आणि तू विचारतेस की यांना खरंच काही त्रास नाही, की त्या लपवतायत? दोन्ही नाही गं. प्रश्न त्यांच्या भाषेत नव्हते.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी ओपीडीत एक बाई आली. पदराच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. मी विचारलं, "उदास वाटतं का?" "नाही." "कशातच रस वाटत नाही, असं होतं का?" ती नुसती बघत राहिली. मी कागद मिटला. बाहेर पडताना दारातल्या आयामावशींना ती म्हणाली, "जीवाला नुसता घोर लागलाय, घास उतरत नाही." मावशींनी तिला पायरीवर बसवलं आणि अर्धा तास ऐकून घेतलं. त्या गाठीकडे मी इतका वेळ बघत होते, पण तिच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून तुला झिंबाब्वेतल्या आज्यांचं सांगते. हरारेचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. दवाखान्यापर्यंत यायला तिच्याकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. मग २००६ साली म्बारे या वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरून काम सुरू झालं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी रुग्ण. डॉक्टरांच्या मनात नाव होतं 'मानसिक आरोग्याचा बाक'. आज्यांनी सांगितलं, असल्या नावाच्या बाकावर कुणी बसणार नाही. म्हणून तो झाला 'मैत्रीचा बाक'. 'डिप्रेशन' हा शब्दही त्यांनी बाजूला ठेवला. तिथल्या शोना भाषेत त्यासाठी त्यांचा जुना शब्द आहे, कुफुंगिसिसा, म्हणजे विचार करकरून डोकं पोखरणं. आपला 'घोर' त्याचा सख्खा भाऊ वाटतो मला.

आणि या नुसत्या गोड गप्पा नाहीत, हे नीट ध्यानात घे. १४ प्रश्नांची शोना भाषेतच बेतलेली यादी असते. आधी मन मोकळं करायचं, मग अडचणींतली एकच निवडायची, तीही रुग्णानेच, आणि तिच्यावर पुढच्या खेपेपर्यंत काय करायचं ते ठरवायचं. २०१६ साली २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती. बाकावर बसलेल्यांत शंभरात १४. पुढे हे बाक न्यूयॉर्कपर्यंत पोचले.

मला सगळ्यात भावतं ते त्याच्या पुढचं. बाकावरून उठलेल्या बायका नंतर एकत्र जमतात, क्रोशाने पिशव्या विणतात आणि बोलतात. हात कामात असले की तोंड उघडतं. आपल्याकडे हे जात्यापाशी व्हायचं. पहाटे जात्यालाच देव मानून बाई सासरचं, माहेरचं सगळं ओव्यांतून त्याला सांगायची. हेमा राईरकर आणि गी पॉईतवां या संशोधकांनी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, दळणाचे कष्ट गेले, बरंच झालं. पण बोलायची ती जागाही गेली.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणत नाही. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी घातली आहे; तुझ्या गावात कुणी बांधलेलं दिसलं तर गप्प राहायचं नाही. देवऋषाकडे जाणाऱ्या बाईला झिडकारू नकोस, पण चालू गोळी बंद करणार नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घे. कुणी मरणाच्या गोष्टी बोलली, कुणाला आवाज ऐकू येतात किंवा रात्र-रात्र झोप नाही, तर ओव्या आणि बाक बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ असू दे. हरारेच्या आज्यासुद्धा असा रुग्ण स्वतःकडे ठेवत नाहीत, पुढे पाठवतात.

पुढच्या खेपेला प्रश्नावली पिशवीतच ठेव. दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसतात ना बायका, त्यांच्यात जाऊन बैस, तूही फोड. दुखलं-खुपलं की त्या काय म्हणतात, ते शब्द घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर उतरव, कुणाचंही नाव न लिहिता. तुमच्या भागात 'घोर'च म्हणतात, की आणखी काही? ती यादी मला पाठव. मग प्रश्नावली आपण दोघी मिळून नव्याने लिहू.

तुझी,
ताई