इमारतीवरचा बहिरी ससाणा : वाचकांचे प्रश्न

आमच्या उंच इमारतीच्या कठड्यावर बहिरी ससाण्याची जोडी गेली काही वर्षं पिल्लं वाढवते आहे. आता दर्शनी भागाची दुरुस्ती निघाली आहे. परांची बांधायच्या आधी घरट्याची पेटी दुसरीकडे हलवली तर चालेल का?

चालेल, पण ती कधी आणि किती लांब हलवता यावर सगळं आहे. अंडी किंवा पिल्लं असताना पेटीला हात लावायचा नाही. पुष्कळ देशांत तो गुन्हाही आहे, त्यामुळे वन्यजीव खात्याशी आधी बोला. पिल्लं उडून स्वतःची शिकार स्वतः करू लागली, की पुढच्या विणीपर्यंत जे महिने मिळतात ते तुमचे. त्या काळात नवी पेटी बसवा. शक्यतो ती त्याच इमारतीवर, साधारण त्याच उंचीवर आणि दुरुस्तीचं काम पोहोचणार नाही अशा बाजूला असावी. जुनी जागा बंद करायला विसरू नका, नाहीतर जोडी सवयीने ऐन परांचीत येऊन बसेल.

हा पक्षी काड्या आणून घरटं बांधत नाही. छाती टेकवून, पायांनी खडी मागे ढकलत उथळ खळगा करतो आणि त्यातच अंडी घातली जातात. म्हणून उघड्या सिमेंटवरची अंडी गडगडतात आणि पन्हळीतली पावसाच्या पाण्यात जातात. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात सन लाइफ इमारतीवर १९४०च्या दशकात हीच अडचण होती. कठड्यावर वाळू-खडीचा उथळ ट्रे ठेवला आणि तिथे पिल्लं वाढू लागली. आजच्या पेट्यांचं तत्त्वही तेच आहे : गुळगुळीत बारीक खडीचा चार बोटं थर, पाणी निघून जायला तळाला भोकं, वर छप्पर, तीन बाजूंनी आडोसा. नुसती माती नको, ती ओल धरून ठेवते.

कंत्राटदाराला एक गोष्ट बजावून सांगा. खालच्या रस्त्यावरची वर्दळ या पक्ष्यांना खपते, पण घरट्याच्या वरच्या बाजूने दोरावरून उतरणारा माणूस खपत नाही. वेळापत्रक हाती आलं की घरट्याच्या वर आणि समोर माणसं नेमकी कुठल्या आठवड्यांत येणार, एवढं आधी पाहा.

कॅमेऱ्यावर नर गेल्या वर्षीचाच दिसतो, मादी मात्र वेगळी वाटते. छातीवर ठिपके जास्त आहेत. वयामुळे असं होतं का?

मादी बदलली असण्याची शक्यता जास्त आहे, पण एका फोटोवरून निकाल देऊ नका. भिजलेली पिसं, खाऊन फुगलेला गळा, रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशातलं चित्र, या सगळ्यांनी तीच छाती निराळी दिसते. पायात ओळखीसाठी घातलेली कडी असेल तर तिच्यावरची अक्षरं वाचता येतील असा क्षण येईपर्यंत थांबा. कडी नसेल तर गालावरच्या काळ्या पट्ट्याची रुंदी आणि त्याच्या कडेचा आकार दोन्ही बाजूंनी टिपा. पाठ तपकिरी आणि छातीवर उभ्या रेघा असतील तर ती गेल्या वर्षी जन्मलेली तरुण मादी आहे. प्रौढ पक्ष्याची पाठ निळसर राखाडी असते आणि पोटावर आडवे पट्टे असतात.

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण बरेच निरीक्षक तो विचारतच नाहीत. चांगल्या जागेच्या आसपास जोडी न जमलेले पक्षी फिरत असतात. एक गेला की काही दिवसांत त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. वर्षानुवर्षं 'आमची जोडी' म्हणून जिचं कौतुक चालतं, तिच्यातले दोन्ही पक्षी मधल्या काळात बदललेले असू शकतात. कठडा भरलेला दिसतो म्हणून झालेले मृत्यू कुणाच्या लक्षात येत नाहीत. विषबाधा असो वा काचेवरची धडक, कारण शोधायचं तर पक्षी बदलला हे आधी कळायला हवं.

दोन अंडी झाली तरी मादी नीट बसत नाही. सोडून दिली असतील का?

नाही. अंडी साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने येतात आणि खरं उबवणं शेवटून दुसऱ्या अंड्यानंतर सुरू होतं. त्यामुळे पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. तिथून सुमारे ३३ दिवस मोजा.

उडायला शिकणारं पिल्लू रस्त्यावर सापडलं तर?

वाहनं, कुत्री आणि माणसं यांपासून आधी त्याला वाचवा. वरून टॉवेल टाकून, पंजे सांभाळून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला कळवा. खायला-प्यायला काही देऊ नका. इजा नसेल तर ते परत वर पोहोचवायचं, पण घरट्यात नव्हे. तिथे माणूस दिसला की उरलेली पिल्लं वेळेआधीच उड्या टाकतात. त्याच इमारतीची गच्ची किंवा मोकळा सज्जा निवडा. हाक ऐकून आईबाप तिथे खाणं आणून देतात. पहिली झेप साधारण सहाव्या आठवड्यात असते. त्या दिवसांत सकाळपासून खाली कुणीतरी पहाऱ्याला हवंच.

आम्ही हौशी माणसं. आमच्या नोंदींचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि त्याचा मोठा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली, की ससाणे वाढले आहेत आणि आमची कबुतरं मारतात. म्हणून १९६१ मध्ये पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे गणनेचं काम आलं. मोजणीत उलटंच निघालं : ससाणे झपाट्याने घटत होते. संग्रहांतल्या जुन्या अंड्यांची कवचं नव्यांशी ताडून पाहिल्यावर १९६७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कवच पातळ झालं आहे. त्यामागे डीडीटी हे कीटकनाशक होतं. आईच्या वजनाखाली फुटलेली अंडी लोकांनी घरट्यांत पाहिलेली होती आणि त्या नोंदी होत्या, म्हणूनच धागा जुळला.

तुम्ही तारीख, पाहायला सुरुवात केल्याची आणि थांबल्याची वेळ, हवा, आणि कुठला पक्षी दिसला ते लिहा. काहीच दिसलं नाही तर तेही लिहा. दोन तास कठडा रिकामा होता, ही पक्की माहिती आहे. कठड्याखाली पडलेली भक्ष्याची पिसं गोळा न करता त्यांचे फोटो काढा. त्यांत रात्री प्रवास करणारे पाणपक्षी निघाले तर दचकू नका, शहराच्या दिव्यांच्या उजेडात बहिरी ससाणे रात्रीही शिकार करतात. जागा बदलली असेल तर आधीची कुठली, नवी किती दूर, आणि जवळपास काय बदललं ते लिहा : नवी काच, दिवे, रंगकाम, ड्रोन.

ज्या वर्षी वीण फसते त्या वर्षी वही बंद करू नका. फक्त यशस्वी घरटी मोजली तर चित्र फसवं होतं. अंडी लवकर गेली तर साधारण दोन आठवड्यांत जोडी पुन्हा घालू शकते, पुष्कळदा दुसऱ्याच कठड्यावर, तेव्हा शेजारच्या इमारतीही नजरेखाली ठेवा. आणि यश कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. अमेरिकेत १९९९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून वगळला. त्यानंतरच्या देखरेखीत किमान एक पिल्लू २८ दिवसांचं झालं, तरच घरटं यशस्वी धरत. तुम्हीही तोच आकडा वापरा, म्हणजे तुमची नोंद इतरांच्या नोंदींशी ताडून पाहता येईल.