चित्राखालची ओळ कोणी लिहायची?

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र वाचले. बारावीत 64 टक्के मिळालेल्या तुमच्या मुलीने प्राचीन वृक्षप्रतीकांवर 20 चित्रे केली आहेत. तिने चित्रकलेच्या पदवीला जावे, की वास्तुकलेकडे वळून चित्रे छंद म्हणून ठेवावीत, असा तुमचा प्रश्न आहे. मात्र पत्रभर ‘आम्ही ही मालिका करत आहोत’, ‘आमचा कल्पवृक्ष’ अशीच भाषा आहे आणि मुलीचे स्वतःचे एकही वाक्य त्यात नाही. प्रत्येक चित्राखालचा अर्थ तुम्ही लिहिलात आणि तोडलेल्या बुंध्याचे चित्र ‘अशुभ दिसते’ म्हणून संचातून काढलेत, हेही तुम्ही सहज सांगून गेला आहात. मला तिच्या गुणांपेक्षा या सहजपणाची काळजी वाटते. मुलाखतीत ‘हे झाड असेच का?’ असे कोणी विचारले, तर ती तुमची पाठ केलेली ओळ म्हणेल आणि दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होईल. हा तिचा दोष नसेल.

तुमच्या पत्रामागे एक गैरसमज आहे. प्रत्येक प्रतीकाला एक ठरलेला अर्थ असतो, तो शोधून कॅनव्हासवर उतरवला की समकालीन चित्र तयार होते, असे तुम्ही धरून चालला आहात. आजच्या इराकमधील निमरूद येथील इ.स.पू. 9व्या शतकातील अ‍ॅसिरियन राजवाड्याच्या शिल्पपटांवर पंख असलेल्या आकृतींच्या मधोमध एक पवित्र वृक्ष पुन्हा पुन्हा कोरलेला आहे, आणि त्याच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. सांचीच्या तोरणांवर बोधिवृक्ष आणि रिकामे आसन हेच बुद्धाचे अस्तित्व सुचवतात. तोच अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, कठोपनिषदात मुळे वर आणि फांद्या खाली असा उलटा येतो, तर गीतेच्या 15व्या अध्यायात तो संसाराचे रूप होतो आणि अनासक्तीच्या शस्त्राने छेदून टाकायला सांगितला जातो. म्हणजे ज्या तोडलेल्या झाडाला तुम्ही परंपरेबाहेरचे ठरवलेत, ते परंपरेच्या अगदी गाभ्यातले निघते. मुलीला हा संदर्भ ठाऊक होता की नाही, मला कळायला मार्ग नाही. पण तुमच्या वर्णनावरून तरी त्या एकाच चित्रात तिने काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दिसते.

पीट मोंद्रिआन या डच चित्रकाराची झाडे तिला क्रमाने पाहू द्या. 1908 ते 1910 दरम्यानचे लाल झाड, 1911 चे करडे झाड आणि 1912 चे फुललेले सफरचंदाचे झाड असे पाहत गेले, की फांद्या हळूहळू निव्वळ रेषा कशा होत गेल्या ते दिसते. तिथे अर्थ आधी लिहून ठेवलेला नव्हता. एकच विषय वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा रेखाटताना तो बदलत गेला.

चित्रकलेच्या प्रवेश परीक्षेचे म्हणाल तर वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा नियमित सराव लागतो आणि 64 टक्के हा तिथे सहसा अडथळा नसतो. वास्तुकलेबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. ती चित्रकला आणि सुरक्षित नोकरी यांच्यामधली तडजोड नव्हे. त्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बांधकामाची रचना, साहित्य आणि नियम यांत रस नसलेली मुले फार दमतात, आणि छंदासाठी वेळ उरेल ही अपेक्षा तर पहिल्याच वर्षी मोडते. चित्रकाराचे उत्पन्न अनियमित असते, ही तुमची भीती खरी आहे. पण कलाशिक्षण, पुस्तकांची सजावट, संग्रहालयातील काम आणि चित्रसंवर्धन हे मार्ग त्याच पदवीतून पुढे जातात, काहींसाठी आणखी शिकावे लागते.

तेव्हा महाविद्यालयाची निवड महिनाभर बाजूला ठेवा. बुंध्याचे चित्र संचात परत ठेवा, सर्व चित्रांखालच्या ओळी खोडा आणि कोणती चित्रे ठेवायची ते तिला एकटीला ठरवू द्या. 20 पैकी 6 उरली तरी हरकत नाही. त्या सहांविषयी तिने मला स्वतः लिहावे, आणि ते पत्र पाठवण्यापूर्वी कृपया तुम्ही वाचू नये.