मत करारावर आहे, यादीवर नाही

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. नोकरीचं तिसरं वर्ष चालू आहे. त्याची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होणार आहे. दोन्हीकडच्या वैमानिकांसाठी मिळून एक नवा करार तयार झालाय आणि त्यावर युनियनचं मतदान आहे. पगार चांगला वाढतोय म्हणे, तरी त्याचे बरेच सहकारी 'नाही' म्हणा असं सांगताहेत. मी त्याला म्हटलं, युनियनच्या भानगडीत पडू नकोस, आपण बरं की आपलं काम बरं. फारच गोंधळ झाला तर दुसरी कंपनी बघ. तो चिडला. त्याने नक्की काय करावं? – एक वडील

उत्तर : तुमची काळजी समजते, आणि मुलगा का चिडला तेही समजतं. युनियनपासून लांब राहा, आपलं काम करा, जमेना तर नोकरी बदला, हे सल्ले बाकी ठिकाणी खपून जातात. अमेरिकी वैमानिकाच्या नोकरीत मात्र ते अंगाशी येतात.

आधी युनियनचं बघू. आपल्याकडे वैमानिकांची युनियन म्हटलं की २०१२ चा एअर इंडियाचा संप डोळ्यांसमोर येतो. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या, पण वैमानिक मनाने दोन गटांतच राहिले. नव्या ड्रीमलाइनर विमानांचं प्रशिक्षण कोणाला मिळणार यावरून इंडियन पायलट्स गिल्ड या मूळच्या एअर इंडियावाल्यांच्या युनियनचे वैमानिक ५८ दिवस कामावर आले नाहीत. तुमच्या मनातली 'भानगड' बहुधा हीच असावी. अमेरिकेतलं चित्र वेगळं आहे. तिथे विमान कंपन्यांना रेल्वे लेबर ॲक्ट लागतो. कायदा १९२६ चा, मूळचा रेल्वेसाठी केलेला. १९३६ मध्ये विमान कंपन्या त्याच्या कक्षेत आल्या. या कायद्याखाली मुदत सरली म्हणून करार रद्द होत नाही. तो फक्त बदलायला मोकळा होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. संप करायचा तर आधी सरकारी मध्यस्थी मंडळाने हात टेकावे लागतात, मग ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष चौकशी मंडळ नेमून तो आणखी लांबवू शकतात. स्पिरिटच्या वैमानिकांनी २०१० मध्ये पाच दिवस संप केला होता, पण असे प्रसंग विरळाच. त्यामुळे तिथल्या युनियनमध्ये घोषणा कमी आणि कागद जास्त. मुलाचा पगार, रोस्टर, रजा, मुक्कामाचं हॉटेल कसं असावं इथपर्यंत सगळं त्या कागदात असतं. अशा कागदापासून लांब राहून तो जाणार कुठे?

आता मुख्य गोष्ट. या नोकरीचा सगळा डोलारा एका नंबरावर उभा आहे : सिनिऑरिटी नंबर. कंपनीत कोणत्या तारखेला लागलात त्यावरून तो ठरतो. साहेबाची मर्जी, वार्षिक मूल्यमापन, हुशारी यांना तिथे स्थान नाही. (मला विचाराल तर ही पद्धत क्रूर आहे, पण वशिल्याला जागा ठेवत नाही, हेही मोठंच.) कोणतं विमान मिळणार, कोणता बेस (म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ), कोणत्या तारखांना सुट्टी, कॅप्टन कधी होणार, सगळं नंबराप्रमाणे. मंदी आली आणि वैमानिक कमी करायची वेळ आली तर कपात यादीच्या तळापासून सुरू होते. त्याला ते 'फर्लो' म्हणतात : कामावरून कमी करतात, पण पुन्हा बोलावणं येईल तेव्हा परतायचा हक्क शाबूत असतो.

खालचा नंबर म्हणजे काय, ते रिझर्व्हवरच्या वैमानिकाला विचारावं. त्याच्या हातात ठरलेल्या उड्डाणांचं वेळापत्रक नसतं. फोन उशाशी, बॅग भरलेली, गणवेश इस्त्री करून टांगलेला. फोन वाजला की ठरलेल्या दोनेक तासांत विमानतळावर हजर. नाहीच वाजला तर दिवस गेला, पण त्या दिवशी गाव सोडता येत नाही. तुमचा मुलगा तिसऱ्या वर्षात आहे म्हणजे यातून नुकताच बाहेर पडला असेल, किंवा अजून त्यातच असेल.

विलीनीकरणात अशा दोन याद्यांची एक यादी करायची असते, आणि खरी झोंबाझोंबी तिथे होते. समजा, मुलाच्या कंपनीत ३,००० वैमानिक आहेत आणि त्याचा नंबर २,४०० वा आहे. मोठ्या कंपनीत १२,००० आहेत. दोन्ही याद्या प्रमाणात गुंफल्या तर १५,००० च्या यादीत तो सुमारे १२,००० वा येईल. आकडा बघून छातीत धस्स होईल, पण जागा तीच आहे : त्याच्या पुढे ८० टक्के लोक आधीही होते, आताही आहेत. याउलट छोट्या कंपनीची अख्खी यादी मोठीच्या शेपटीला जोडली, तर तो १४,४०० वा होईल, म्हणजे त्याच्या मागे फक्त चार टक्के उरतील. रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे यादी लावली, तर मोठ्या कंपनीने गेल्या तीन वर्षांत किती भरती केली त्यावर सगळं अवलंबून. शिवाय पुढच्यांची वयं पाहावी लागतात. अमेरिकेत एअरलाइन वैमानिकाला ६५ व्या वर्षी उतरावंच लागतं, त्यामुळे ज्या कंपनीत वयस्क कॅप्टन जास्त, तिथली रांग लवकर सरकते. हे वैमानिकांना तोंडपाठ असतं. कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार याची कोष्टकं करून ठेवणारे महाभागही असतात.

शेपटीला जोडण्याचा प्रकार काल्पनिक नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये टीडब्ल्यूए घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या सगळ्या हवाईसेविका आणि सेवक यादीच्या तळाशी गेले आणि वैमानिकांतलेही पुष्कळ जण तिथेच पोचले. नंतरच्या मंदीत कपात आली तेव्हा आधी कोण गेलं हे सांगायला नको. त्यातून डिसेंबर २००७ मध्ये मॅकॅस्किल-बाँड नावाची दुरुस्ती आली. याद्या न्याय्य रीतीने जोडा आणि एकमत झालं नाही तर लवादाकडे जा, असं आता कायदाच सांगतो. दोन्हीकडची युनियन एकच असेल तर युनियनचे स्वतःचे विलीनीकरणाचे नियम लागतात. तिथेही शेवटचा शब्द लवादाचाच. म्हणजे मुलाचा नंबर बहुधा मतदानाने ठरणारच नाही.

मतदान करारावर आहे, यादीवर नाही. हा फरक त्याचे सहकारी विसरलेत का, हे त्याने आधी तपासावं. 'नाही म्हणा' असं ओरडणाऱ्यांपैकी किती जण करारावर नाराज आहेत आणि किती जण येऊ घातलेल्या यादीचा राग करारावर काढताहेत?

हा राग किती महागात पडतो याचं उदाहरण यूएस एअरवेजचं आहे. ती आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. यूएस एअरवेजचे वैमानिक जुने, पण त्यातले शेकडो फर्लोवर होते. अमेरिका वेस्टचे नवे, पण कामावर होते. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी २००७ मध्ये यादी दिली. तिच्यात सतरा वर्षांपूर्वी लागलेला, पण त्या वेळी फर्लोवर असलेला माणूस आणि जेमतेम काही महिन्यांपूर्वी लागलेला पलीकडचा माणूस शेजारी-शेजारी आले. पूर्वेकडच्या, म्हणजे जुन्या यूएस एअरवेजच्या, वैमानिकांचं डोकं फिरलं. त्यांची संख्या जास्त होती. त्यांनी आपली वेगळी युनियन काढली आणि २००८ च्या निवडणुकीत जुनी युनियन घालवली. ती यादी लागू व्हायला आधी एकत्र करार हवा होता, आणि तो होऊच दिला गेला नाही. एका नावाच्या कंपनीत दोन प्रकारचे वैमानिक दोन करारांवर वर्षानुवर्षं उडत राहिले, पूर्वेकडचे तर दिवाळखोरीच्या काळात कापलेल्या दरांवर. २०१३ मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली तेव्हा कुठे कोंडी फुटायला लागली. त्या दिवशी ज्यांना राग आला त्यांना मी दोष देत नाही. पण मधल्या वर्षांचा पगार कोणी परत दिला नाही. डेल्टा आणि नॉर्थवेस्टने त्याच सुमारास शहाणपणा केला : २००८ मध्ये विलीनीकरण पुरं व्हायच्या आधीच एकत्र करार मंजूर करून घेतला, यादीचा वाद लवादाकडे दिला आणि वर्ष संपायच्या आत निकालही आला.

याचा अर्थ 'हो' म्हणणंच शहाणपणाचं, असं नाही. डेल्टाच्या वैमानिकांनी २०१५ मध्ये ६५ टक्के मतांनी करार फेटाळला आणि २०१६ च्या शेवटी बराच चांगला मिळवला. युनायटेडच्या वैमानिकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ९४ टक्के मतांनी 'नाही' म्हटलं. पुढच्या मार्चमध्ये डेल्टाचा घसघशीत करार झाला आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत युनायटेडवाल्यांनाही त्या तोडीचा द्यावा लागला. पण अमेरिकन एअरलाइन्समध्ये ऑगस्ट २०१२ मध्ये ६१ टक्क्यांनी 'नाही' झालं तेव्हा कंपनी दिवाळखोरीत होती. महिन्याभरात न्यायालयाने कंपनीला जुना करार मोडायची परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये वैमानिकांनी दुसरा करार मान्य केला. डेल्टा आणि युनायटेडला पैसा होता, घाई होती आणि वैमानिक मिळत नव्हते. म्हणून मुलाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा : माझ्या 'नाही'नंतर कंपनीचं काय अडतं? विलीनीकरणात सहसा बरंच अडतं. एकत्र करार आणि एक यादी झाल्याशिवाय दोन्हीकडचे वैमानिक मिसळता येत नाहीत, आणि ते मिसळले नाहीत तर ज्या बचतीसाठी हा सगळा खटाटोप केला ती हाती लागत नाही. पण कंपनीच तोट्यात असेल तर हे गणित उलटतं.

आता पगाराकडे येऊ, कारण तुमच्या पत्रात पहिला भर त्यावर आहे. तिथे वैमानिकाचा दर तासावर असतो आणि तो तीन गोष्टींवर ठरतो : विमान कोणतं, खुर्ची कोणती, नोकरीचं वर्ष कितवं. एकाच विमानावर फर्स्ट ऑफिसरचा दर साधारण कॅप्टनच्या दोन तृतीयांश असतो. म्हणजे दरात आठ-दहा टक्के वाढ झाली आणि कॅप्टनची खुर्ची तीन वर्षं लांबली, तर मुलगा नुकसानीत. करार हातात घेतल्यावर पहिलं पान पगाराचं उघडतं, आणि ते बहुधा मुद्दामच ठेवलेलं असतं. त्याने ते शेवटी वाचावं. आधी फर्लोपासून संरक्षण आहे का, किती काळ, आणि कोणत्या तारखेआधी लागलेल्यांना, ते पाहावं. एका तारखेच्या फरकाने माणूस आत किंवा बाहेर राहतो. मग सध्याच्या बेसभोवती आणि विमानांभोवती काही वर्षांचं कुंपण आहे का ते पाहावं, म्हणजे मोठ्या कंपनीचे ज्येष्ठ लोक लगेच येऊन त्या जागा घेणार नाहीत. रिझर्व्हचे नियम तर शब्द न शब्द वाचावेत. कंपनी किती उड्डाणं बाहेरच्या छोट्या कंपन्यांकडून करून घेऊ शकते याचं कलम कंटाळवाणं असतं, पण उद्याच्या कॅप्टनच्या जागा त्याच कलमावर ठरतात.

एक गोष्ट हमखास सुटते : विलीनीकरण झालंच नाही तर? जेटब्लू आणि स्पिरिटचं विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने रोखलं, मार्चमध्ये त्यांनी ते सोडून दिलं आणि नोव्हेंबरात स्पिरिट दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी तिथल्या वैमानिकांना फर्लोच्या नोटिसाही मिळाल्या. वाढीव दर आणि संरक्षण विलीनीकरणावर अवलंबून आहे की सही होताच लागू होतं, हे मुलाने युनियनच्या प्रतिनिधीला थेट विचारावं. मतदानाआधी हे प्रतिनिधी विमानतळांवर फिरून बैठका घेतात, तिथे असले प्रश्न विचारायला कोणी लाजत नाही.

आणखी एक. कॉकपिटमध्ये डाव्या खुर्चीवर बसलेल्या कॅप्टनचं मत त्याने उसनं घेऊ नये. त्या गृहस्थांची तीन वर्षं उरली असतील. त्यांना आजचा दर आणि निवृत्तीचा हप्ता महत्त्वाचा. मुलाची तीसच्या वर उरलीत. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण एकाच कराराला दोघांनी वेगळं मत देणं अगदी स्वाभाविक आहे.

तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून माझा कल सांगतो. फर्लोचं संरक्षण पक्कं असेल, कुंपण असेल आणि यादी लवादाकडे जाणार हे लेखी असेल, तर पगार मनासारखा नसला तरी 'हो'. कंपनी धडधाकट असेल आणि यातली दोन कलमं गुळमुळीत असतील, तर पगार कितीही चांगला असला तरी 'नाही'. मत न देणं मात्र नको. मोजणी मत दिलेल्यांचीच होते, त्यामुळे घरी बसणाऱ्याचा निर्णय बाकीचे घेतात.

नोकरी बदलण्याचं म्हणाल, तर दुसऱ्या कंपनीत तो यादीत सगळ्यात शेवटी जाईल. तीन वर्षं पुसली जातील, पगार पहिल्या वर्षाच्या दरावर येईल आणि फोन पुन्हा उशाशी. त्याला एखादी फार मोठी कंपनी बोलावत असेल, तर तिसऱ्या वर्षात हा सौदा अजून परवडतो, दहाव्या वर्षात नाही. पण अशी उडी मारायची तर ती नव्या कंपनीची निवृत्तीची कोष्टकं बघून मारावी, इथल्या भांडणाला कंटाळून नको. आधी यादीचा निकाल येऊ दे, आणि तोवर त्याचे अर्ज तयार असू देत.