वाचकांचे प्रश्न : ड्राफ्टमध्ये जखमी खेळाडू घ्यावा का?

अमेरिकेतल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेचा हंगाम जवळ आला की तिथल्या मराठी घरांत आणि पुण्या-मुंबईच्या आयटी ऑफिसांत फँटसी फुटबॉलच्या लीग भरू लागतात. यात प्रत्येकजण ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने, खऱ्या खेळाडूंतून आपला कागदी संघ निवडतो. पाळीची एक फेरी म्हणजे एक राउंड, आणि खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळतात. यंदा आलेल्या प्रश्नांत दुखापतींचे प्रश्न सर्वाधिक आहेत. त्यांतले सहा निवडले आहेत.

आमची १२ संघांची लीग आहे. एक अव्वल रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) पहिले चार सामने खेळणार नाही, म्हणून तो तिसऱ्या राउंडपर्यंत घसरतोय. बाकीच्या हंगामात तो पहिल्या राउंडच्या तोडीचा ठरेल. स्वस्तात मिळतोय, तर घ्यावा ना?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

कागदावर हा सौदा चांगला दिसतो. आधी तो कागदच पाहू. समजा हा खेळाडू आठवड्याला १६ गुण देतो. त्याच राउंडमध्ये मिळणारा धडधाकट खेळाडू १३ देतो आणि वेव्हरवर, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीत, कधीही मिळणारा सामान्य खेळाडू ९. फँटसीचे १७ आठवडे धरले, तर एक आठवडा सुट्टीचा जातो आणि १६ सामने उरतात. धडधाकट खेळाडू सामान्यापेक्षा दर सामन्याला ४ गुण जास्त देतो, म्हणजे एकूण ६४. जखमी खेळाडू १२ सामने खेळला, तर सामन्याला ७ जास्त, म्हणजे ८४. इथेच बहुतेकांचा हात त्याच्या नावाकडे जातो.

पण परतल्या दिवशी कोणीही पूर्ण भार उचलत नाही. पहिले तीन सामने तो ११ गुणांचाच राहिला, तर ८४ चे ६९ होतात. तरीही तो पुढेच आहे. आता परतणे फक्त दोन आठवडे लांबले असे धरा. उरले दहा सामने. त्यांतले पहिले तीन अर्ध्या भाराचे, म्हणजे ६ गुण; पुढचे सात पूर्ण भाराचे, म्हणजे ४९. बेरीज ५५. धडधाकट खेळाडूच्या ६४ पेक्षा कमी. सगळा फायदा दोन आठवड्यांच्या उशिरात गेला, आणि दुखापतीत दोन आठवड्यांचा उशीर ही नेहमीची गोष्ट आहे.

या हिशेबात बेंचवरची अडलेली जागाही धरलेली नाही. सप्टेंबर हा वेव्हरवरून नवे खेळाडू उचलण्याचा सर्वांत चांगला महिना. नेमक्या त्याच काळात तुमची एक जागा न खेळणाऱ्याने धरून ठेवलेली असते. शिवाय साखळी १४ आठवड्यांची आणि बाद फेरी १५ ते १७ व्या आठवड्यांत, ही सर्वसाधारण रचना आहे. पहिल्या चारांत तीन हरलात, तर नोव्हेंबरातले त्याचे गुण घ्यायला तुम्ही शर्यतीतच नसाल.

म्हणून आमचे उत्तर : तिसऱ्या राउंडमध्ये नको. सहाव्या-सातव्या राउंडपर्यंत उरला, लीगमध्ये आयआरची, म्हणजे जखमींसाठी राखीव, वेगळी जागा असली आणि परतण्याचा आठवडा ठरलेला असला, तर जरूर घ्या. तीनपैकी एक जरी गोष्ट नसली, तर तो दुसऱ्याला घेऊ द्या.

कोणत्या दुखापतीला जास्त घाबरायचे?
— एक वाचिका, ह्यूस्टन

मोडलेले हाड बहुतेक वेळा सांगितलेल्या मुदतीत जुळते. स्नायूचे तसे नसते. मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आणि पोटरी या दोन जागा ड्राफ्टसाठी सर्वांत फसव्या. चालताना, हलके पळताना काही दुखत नाही, सरावाच्या फोटोत खेळाडू हसताना दिसतो, आणि पूर्ण वेगाची पहिली झेप घेताच तीच जागा पुन्हा जाते. २०२३ मध्ये रॅम्सचा कूपर कप ऑगस्टच्या सुरुवातीला हॅमस्ट्रिंगने बसला, सरावाला परतला, महिनाअखेर पुन्हा तेच दुखणे उफाळले आणि तो चार सामन्यांसाठी आयआरवर, म्हणजे संघाच्या जखमींच्या यादीत, गेला. पाचव्या आठवड्यात आल्या आल्या त्याने ८ झेल आणि ११८ यार्ड काढले हे खरे, पण ऑगस्टच्या मध्यात ड्राफ्ट केलेल्यांनी त्याच्यासाठी पूर्ण हंगामाची किंमत मोजली होती.

पोटरीचे उदाहरण त्याहून मोठे आहे. २०२४ मध्ये फॉर्टीनाइनर्सचा ख्रिश्चन मॅकॅफ्री बहुतेक लीगमध्ये पहिल्याच क्रमांकावर घेतला गेला. पोटरी दुखते हे ऑगस्टमध्येच जाहीर होते. पहिल्या सामन्याच्या काही तास आधी तो खेळणार नसल्याचे कळले. पुढे अ‍ॅकिलीसचे, म्हणजे टाचेमागच्या कंडरेचे, दुखणे निघाले आणि तो थेट दहाव्या आठवड्यात मैदानात उतरला. १ डिसेंबरला गुडघा दुखावून हंगाम संपला. एकूण सामने चार. रनिंग बॅकच्या बाबतीत पोटरी आणि अ‍ॅकिलीस ही नावे एकत्र ऐकू आली, की आम्ही त्याला दोन राउंड खाली ढकलतो.

गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट, म्हणजे हाडे जोडणारा बंध, फाटला की परतायला साधारण ९ ते १२ महिने लागतात. त्यामुळे तारीख विचारा : मागच्या ऑक्टोबरात फाटला की डिसेंबरात? जेट्सच्या ब्रीस हॉलचा २३ ऑक्टोबर २०२२ ला फाटला. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याने १० धावांत, म्हणजे दहा वेळा चेंडू घेऊन पळून, १२७ यार्ड काढले, तरी संघाने त्याचा भार आखडताच ठेवला. पाचव्या आठवड्यात बंधन उठले आणि त्याने १७७ यार्ड काढले. म्हणजे हॉलसारखा खेळाडू घ्यायचा, तर सप्टेंबर दुसऱ्या कुणाच्या भरवशावर काढायचा. ऑक्टोबर २०२२ मध्येच एसीएलसोबत दुसरा लिगामेंटही गमावलेला ब्रॉंकोसचा जव्हॉन्टे विल्यम्स पूर्ण २०२३ मध्ये धावेमागे ३.६ यार्डांवरच राहिला. एकाहून जास्त लिगामेंट फाटले असतील, तर पहिले वर्ष सोडूनच द्या.

तुमच्या लीगमध्ये कुणीतरी वायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनचे नाव घेईलच. २४ डिसेंबर २०११ ला त्याचा एसीएल फाटला आणि २०१२ मध्ये त्याने २,०९७ यार्ड काढून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. ही कामगिरी इतकी वर्षे लक्षात राहिली, कारण ती पुन्हा सहज घडत नाही. तिच्यावर ड्राफ्ट आखू नका.

आणखी एक : मोठ्या दुखापतीनंतर शरीर भार दुसरीकडे टाकते. बकनिअर्सचा क्रिस गॉडविन एसीएलनंतर २०२२ च्या पहिल्याच सामन्यात उतरला आणि त्याच सामन्यात हॅमस्ट्रिंग दुखावून बाहेर गेला. गुडघा ठणठणीत होता. पुढे त्याने हंगामात हजार यार्ड ओलांडले, पण सप्टेंबर हातचा गेला.

पीयूपी आणि आयआर यांत फरक काय? दोन्हींत खेळाडू बाहेरच असतो ना?
— एक वाचक, ठाणे

ड्राफ्टच्या दृष्टीने फरक मोठा आहे. सराव शिबिरातली पीयूपी यादी, म्हणजे अजून खेळण्याइतके बरे न झालेल्यांची यादी, निरुपद्रवी असते. वैद्यकीय परवानगी मिळताच खेळाडू कधीही बाहेर येतो. ऑगस्टअखेर संघ ५३ जणांवर आणताना नाव त्या यादीत राहिले, तर मात्र किमान पहिले चार सामने गेले. हंगामात आयआरवर टाकलेला खेळाडूही किमान चार सामने बाहेर असतो. ‘किमान’ हा शब्द सोडू नका. परतायचे झाले की त्याचा सराव सुरू होतो, आणि त्या दिवसापासून २१ दिवसांत त्याला संघात घ्यावेच लागते, नाहीतर त्याचा हंगाम संपला. सराव सुरू झाल्याची बातमी ही सर्वांत भरवशाची खूण. प्रशिक्षकाच्या ‘तो छान दिसतोय’ला तेवढे वजन देऊ नका.

फँटसी अ‍ॅपमधली आयआरची जागा ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात कोण बसतो हे अ‍ॅप आणि लीगचा कमिशनर ठरवतो. नुसता ‘क्वेश्चनेबल’, म्हणजे खेळेल की नाही याची खात्री नसलेला, खेळाडू तिथे सहसा बसत नाही. खेळाडू बरा झाल्यावरही तुम्ही त्याला तिथेच ठेवलात, तर अनेक अ‍ॅप नवा खेळाडू घेऊ देत नाहीत. बुधवारच्या पहाटे वेव्हर चालते. मंगळवारी रात्रीच जागा मोकळी करा.

जखमी खेळाडूसोबत त्याचा बदली खेळाडूही घेऊन ठेवावा का?
— एक वाचक, सॅन होजे

रनिंग बॅकचा घ्यावा, रिसीव्हरचा (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याचा) नको. रिसीव्हर बाहेर गेला की त्याचे झेल तिघाचौघांत वाटले जातात. रनिंग बॅकचे काम बहुधा एकाकडे जाते. फक्त बदली खेळाडू कोण, हे ऑगस्टअखेर तपासा. २०२४ मध्ये मॅकॅफ्रीमागे एलायजा मिचेलचे नाव घेतले जाई; तो स्वतःच ऑगस्टअखेर आयआरवर गेला. पहिल्या सामन्यात जॉर्डन मेसनने २८ धावांत १४७ यार्ड काढले. बहुतेक लीगमध्ये तो ड्राफ्टच झाला नव्हता. डिसेंबरात मॅकॅफ्री पडला त्याच सामन्यात मेसनही जखमी झाला आणि काम तिसऱ्याकडे, आयझॅक गेरेंडोकडे गेले. बदली खेळाडूवर शेवटच्या तीन-चार राउंडांपेक्षा वरचा राउंड घालू नका.

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे कुणालाच वेळ नसतो. म्हणून ड्राफ्ट १५ ऑगस्टच्या आसपास उरकायचा विचार आहे. चालेल?
— एका लीगची कमिशनर, न्यू जर्सी

शक्यतो नको. कोल्ट्सच्या अँड्र्यू लकच्या निवृत्तीची बातमी आली २४ ऑगस्ट २०१९ ला. रेव्हन्सचा जे. के. डॉबिन्स गुडघ्याने गेला २८ ऑगस्ट २०२१ ला, तोही सराव सामन्यात. संघ ५३ जणांवर आल्यानंतरची कोणतीही रात्र ठरवा, आरतीनंतर नऊ वाजता बसलात तरी ड्राफ्ट दोन तासांत होतो. लवकरच घ्यायचा असेल, तर आधीच एक नियम लिहून ठेवा : पहिल्या सामन्यापूर्वी हंगामाला मुकलेल्या खेळाडूच्या बदल्यात प्रत्येकाला बेंचवर एक जादा जागा.

मी पुण्यातून अमेरिकेतल्या सहकाऱ्यांच्या लीगमध्ये खेळते. एक ‘क्वेश्चनेबल’ खेळाडू ड्राफ्ट करून बसले आहे. त्याचे दर आठवड्याला काय करायचे?
— एक वाचिका, पुणे

रविवारच्या सामन्यांसाठी बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारचे सराव अहवाल येतात. बुधवारी अनुभवी खेळाडूंना नुसती विश्रांतीही दिली जाते, त्यामुळे त्या दिवशी सराव नसला म्हणून घाबरू नका. शुक्रवारीही सराव नसेल, तर दुसरा खेळाडू शोधा. शुक्रवारचा अहवाल आपल्याकडे शनिवारी सकाळी वाचायला मिळतो.

खरी यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी येते. रविवारचे सर्वांत आधीचे सामने सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या रात्री साडेदहाला सुरू होतात, म्हणजे यादी नऊ वाजता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे बदलली की दोन्ही वेळा एका तासाने पुढे जातात. अडचण येते ती उशिराच्या सामन्यांची. तुमचा खेळाडू सोमवारच्या रात्री खेळणार असेल, तर त्याची यादी आपल्याकडे मंगळवारी पहाटे येते आणि तोवर बाकी सगळ्यांचे सामने संपलेले असतात. २०२४ मध्ये मॅकॅफ्रीचा पहिला सामना असाच सोमवारचा होता. मेसन हाताशी नसलेल्या अनेकांच्या खात्यावर शून्य राहिले.

म्हणून असा खेळाडू रनिंग बॅकच्या ठरलेल्या जागी न ठेवता फ्लेक्समध्ये ठेवा, म्हणजे त्याच्या जागी रिसीव्हर किंवा टाइट एंडही चालतो. आणि त्याच सामन्यातला किंवा त्यानंतरच्या सामन्यातला एक तरी खेळाडू बेंचवर असू द्या. तसा कोणी मिळत नसेल, तर झोपण्याआधी जखमी खेळाडूला बसवा आणि धडधाकटाला खेळवा.