नाझी छळछावण्यांचं चित्रीकरण खरं आहे, हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा, की छावण्या मुक्त झाल्यावर ते फुटेज दोस्तांच्याच सैन्याने काढलं, मग जेत्यांनी हवं तसं रचलं नसेल कशावरून? हा प्रश्न पुढेमागे कुणीतरी विचारणार, हे ते काम करणाऱ्यांनी १९४५ सालीच ओळखलं होतं.

उत्तर जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छावणीचंच घ्या. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य तिथे पोचलं तेव्हा जवळपास ६०,००० कैदी जिवंत होते आणि सुमारे १३,००० प्रेतं उघड्यावर पडलेली होती. २४ एप्रिलला आसपासच्या गावांचे नगराध्यक्ष आणून सामूहिक कबरीच्या काठावर उभे केले आणि त्यांना कॅमेऱ्यात घेतलं. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या चेशायरचा एक साधा तोपची माइकपुढे उभा राहतो. आधी आजची तारीख सांगतो, मग स्वतःचं नाव, कुठला राहणारा, आणि इथे एसएसवाल्यांवर (छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या माणसांवर) पहाऱ्याला आहे हे. कोर्टातली साक्षच जणू. पेपरातल्या फोटोंवरून इथली कल्पना येणारच नाही, असं तो म्हणतो. मी तो तुकडा कितीदा पाहिला असेन, दर वेळी गलबलून येतं.

प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने हे शूटिंग केलं असं काही जण लिहितात, ते चूक. तो नंतर, या फुटेजवरून ब्रिटिश एक चित्रपट बनवत होते त्याच्या संकलनाच्या वेळी सल्ल्याला आला. लांबलचक, न तोडलेले शॉट वापरा म्हणजे जोडकामाचा संशय उरणार नाही, हा त्याचा आग्रह. तो ब्रिटिश चित्रपट तेव्हा अर्धवटच राहिला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तो २०१४ साली पूर्ण केला.

नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी दाखवलेला अमेरिकन चित्रपट वेगळा. ८०,००० फूट फिल्ममधून ६,००० फूट निवडलेली, आणि चित्रांत कसलाही फेरफार नाही असं शपथपत्र सुरुवातीलाच.

पण एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. बेल्सनमध्ये गॅस चेंबर नव्हतं. तिथली माणसं उपासमारीने आणि टायफसने मेली. तिथली दृश्यं गॅस चेंबरची म्हणून फिरवली की नाझींनी केलेला ज्यूंचा संहारच नाकारणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. गॅस चेंबर जिथे होती त्या ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या छावण्या तर नाझींनी स्वतःच पाडून टाकल्या होत्या. मुक्त करून चित्रित करायला तिथे छावणीच उरली नव्हती. त्यांचा पुरावा कागदपत्रांत, वाचलेल्यांच्या साक्षींत आणि खुद्द गुन्हेगारांच्या कबुलीजबाबांत शोधावा लागतो.