घरचे सगळे कट्टर ख्रिश्चन, माझा मात्र देवावरचा विश्वास उडालाय. घरी सांगू का?

सांगा, पण सगळ्यांसमोर जेवताना नको. मी वसईचा, घरी रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि माझा विश्वास कॉलेजात कधी गेला मलाच कळलं नाही, तीन-चार वर्षं नुसते ओठ हलवत बसायचो. पकडला गेलो ते कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये मिस्साच्या वेळी सगळे पुढे जाऊन प्रसादाची भाकर घेतात तेव्हा. अख्खी रांग उठली, मी बाकावरच, आईने एकदाच वळून बघितलं. घरी येऊन विचारते, बरं नाहीये का तुला? तेव्हा सांगून टाकलं. रडली, मग म्हणे फादरना भेट. भेटलो तर त्यांनी उलट मदर तेरेसांचं सांगितलं, त्यांनाही कित्येक वर्षं देव जाणवत नव्हता, २००७ मध्ये त्यांची पत्रं छापून आली त्यात आहे. (फरक एवढाच की त्या प्रार्थना करत राहिल्या.) खरी पंचाईत भावाच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला झाली, म्हणाला गॉडफादर, म्हणजे पोरीचा धर्मपिता, तू हो. आता चर्चच्या नियमाने गॉडफादर श्रद्धा पाळणारा कॅथलिकच लागतो, मी नाही म्हटलं, तर सहा महिने नीट बोलला नाही. नाताळच्या करंज्या मात्र अजून मीच तळतो. आणि हो, घरच्यांच्या पैशावर शिकत असाल तर जरा थांबा.