जर्मनच्या वर्गात अडखळणाऱ्या जोडीदाराला मदत कशी करावी?

तुम्ही विचारलंय की ए२च्या (जर्मनच्या दुसऱ्या पातळीच्या) वर्गात तुमचा सरावातला जोडीदार बोलताना अडकतो, बाकीचे हसतात आणि तुम्ही शब्द सुचवलात की तो आणखीच गप्प होतो. मग करायचं काय?

आधी शब्द सुचवणं थांबवा. तो अडकलेला दिसतो तेव्हा क्रियापद, त्याचं रूप, वाक्यातली जागा अशी जुळवाजुळव मनात चालू असते. मध्येच शब्द पुरवला की ती तिथंच तुटते, आणि 'याला येत नाही' हे वर्गासमोर ठरून जातं. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा, नजर त्याच्याकडे ठेवा, पुस्तकात घालू नका. तरीही आलं नाही तर दोन पर्याय द्या: "मिट देम बुस ओडर मिट देम त्सूग?" (बसनं की रेल्वेनं?) शब्द समोर येतात, पण निवड आणि वाक्य त्याचंच राहतं.

चुकांचं थोडं वेगळं आहे. "इश हाबे नाख नाशिक गेफारेन" (मी नाशिकला गेलो) ही आपल्याकडची नेहमीची चूक. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना भूतकाळात 'हाबे' नाही, 'बिन' लागतं. टोकण्याऐवजी विचारा, "आख, दू बिस्ट नाख नाशिक गेफारेन? वान?" (अरे, तू नाशिकला गेलास? कधी?) 'बिस्ट' हे 'बिन'चंच 'तू'साठीचं रूप. बोलणं पुढे जातं आणि बरोबर रूप कानावर पडतं. मात्र अशी दुरुस्ती पुष्कळदा त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून वर्ग सुटल्यावर एकच चूक, एकट्याला सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको.

हसणाऱ्यांना बहुधा अपमान करायचा नसतो. आपली पाळी टळली याची ती सुटका असते. पण ज्याच्यावर हसतात त्याला ते लागतंच. बाईंना किंवा सरांना बाजूला गाठून सुचवा: सगळ्यांसमोर उभं करण्याआधी प्रत्येकाला जोडीत दोन मिनिटं बोलू द्या. तीच वाक्यं दुसऱ्यांदा म्हणताना आवाज पुष्कळ स्थिर होतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा, कारण ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तो जर्मनमध्ये अडतोय की इंग्रजीतून शिकवलेल्या व्याकरणात? मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं हे फार होतं, आणि त्यांना उगाच कच्चं समजलं जातं. तीन लिंगं मराठीत आहेतच, त्यामुळे देर-दी-दासची (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामांआधी येणाऱ्या शब्दांची) कल्पना त्याला चटकन कळेल. फक्त लिंगं जुळत नाहीत, 'मेटशेन' म्हणजे मुलगी जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, हे मराठीतूनच सांगा.

यात तुमचं नुकसान होईल ही भीती नको. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या बी१ (ए२च्या पुढच्या पातळीच्या) परीक्षेत बोलण्याचा भाग सहसा जोडीनं असतो. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं, गुण मात्र ज्याचे त्याला मिळतात. जोडीदार गप्प झाला की "वास माइन्स्ट दू?" (तुला काय वाटतं?) विचारून त्याला बोलतं करणं हा संवादाचाच भाग, आणि संवादालाही गुण असतात. हा भाग आत्तापासून त्याच्याबरोबर आठवड्यातून दोनदा करा, दर वेळी नवा विषय घेऊन: वाढदिवस, सहल, आजारी मित्राला भेटायला जाणं.